कोनाचे तुमी?

गाडीच्या विम्याचं नूतनीकरण करताना शेवटच्या पानावर एक छोटा चौकोन येतो. त्यात खूण केली की साडेनऊशे रुपये वाढतात आणि वर्षभराचा 'रोडसाइड असिस्टन्स' मिळतो. गाडी रस्त्यात बंद पडली तर फोन करायचा, मग कुणीतरी येऊन ती चालू करून देतं किंवा टोचन करून गॅरेजला नेतं. थर्ड पार्टी विमा 1988च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, तिथे विचार करण्याचा प्रश्नच येत नाही. हा चौकोन ऐच्छिक आहे. यंदा तो माझ्यासमोर चार दिवस तसाच उघडा पडून होता.

हिशेब तसा सोपा होता. गाडी सहा वर्षांची. या सहा वर्षांत ती दोनदा बंद पडली. एकदा पुण्यात पार्किंगमध्ये बॅटरी उतरली, तेव्हा कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने तीनशे रुपयांत चालू करून दिली. दुसऱ्यांदा गावाकडे, मारेगावजवळ, क्लच प्लेट गेली. तेव्हा पैसे देऊन गाडी ओढून न्यायची म्हटलं असतं तर फार तर तीन हजार लागले असते. म्हणजे एकूण तेहतीसशे, भागिले सहा, वर्षाला साडेपाचशे. त्यासाठी साडेनऊशे का द्यायचे?

या प्रश्नाला एक जुनं आणि नेमकं उत्तर आहे. 1738 साली डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने एक उदाहरण मांडलं. सेंट पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याचा माल ॲमस्टरडॅमहून जहाजाने यायचा आहे. तो सुखरूप पोचला तर दहा हजार रुबल मिळतील. पण त्या मोसमात शंभरातली पाच जहाजं बुडतात. विम्याला आठशे रुबल पडतात. सरासरी नुकसान पाचशेचं, हप्ता आठशेचा, म्हणजे सौदा तोट्याचाच. बर्नुली विचारतो, तरीही विमा कुणी घ्यावा? त्याने आकडाच काढून दिला: या मालाखेरीज ज्याच्या गाठीशी 5043 रुबलपेक्षा कमी आहेत, त्याने घ्यावा. ज्याच्याकडे जास्त आहेत, त्याने जोखीम स्वतःच सोसावी. कारण तेच नुकसान एकाला बुडवतं आणि दुसऱ्याला नुसतं चिडवतं.

क्लच प्लेट मला बुडवत नाही. तेव्हा बर्नुलीच्या मते चौकोन रिकामा सोडायचा आणि पान बंद करायचं. मला ते जमेना, आणि त्याचं कारण क्लच गेला त्या दिवसात होतं.

2023च्या दिवाळीत मी पुण्याहून जवळपास सातशे किलोमीटर गाडी चालवत घरी गेलो होतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मावशीकडे जायला मार्डीच्या रस्त्याला लागलो आणि मारेगाव सोडून सात-आठ किलोमीटर गेल्यावर गाडीने मान टाकली. इंजिन चालू, गिअर पडतोय, गाडी जागची हलत नाही. दोन्ही बाजूंना फुटलेली पऱ्हाटी, वेचणीला आलेला कापूस आणि दुपारचे तीन. राष्ट्रीय महामार्गावर असतो तर 1033 हा क्रमांक होता, तिथे क्रेन आणि गस्तीची गाडी मिळते. पण हा महामार्ग नव्हता.

तेव्हा माझ्याकडे ते कव्हर होतं. फोन केला. तिसऱ्या रिंगला उचलला गेला. पलीकडच्या मुलीने नम्रपणे पॉलिसी नंबर विचारला, मग गाडीचा नंबर, मग ठिकाण. मी यवतमाळ, वणी, मारेगाव, मार्डी अशी उतरती भाजणी सांगितली. थोड्या वेळाने तिने कळवलं की चंद्रपूरहून वाहन निघेल, साधारण साडेतीन तास लागतील. तिची चूक काहीच नव्हती. नकाशावर आम्ही तेवढे लांब आहोतच.

अर्ध्या तासाने समोरून रिकामी ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आला. पुढे जाऊन थांबला.

"काहून उभे हा जी?"

"क्लच गेला वाटतं."

"कोनाचे तुमी?"

मी बाबांचं नाव सांगितलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. "गुरुजीचे काय!" म्हणत ते काका खाली उतरले. त्यांनी ट्रॉली सोडून रस्त्याकडेला लावली, जाडजूड दोर काढला, माझ्या गाडीला बांधला आणि ट्रॅक्टर उलटा वळवून मला मारेगावच्या गॅरेजपर्यंत ओढत आणलं. त्यांची जायची दिशा नेमकी उलटी होती. जाऊन येऊन त्यांचा दीड तास मोडला, डिझेल गेलं ते वेगळंच. मी पाचशेची नोट पुढे केली.

"पैशाचं राहू द्या जी. उद्या आमचंबी काम पडन."

मी चंद्रपूरच्या वाहनाला नको म्हणून कळवलं, काकांचा नंबर घेतला आणि उत्साहाच्या भरात सांगितलं, "ऑनलाइनचं वगैरे काहीही काम असलं तर मला फोन करा. नक्की करा."

पुण्यात परतल्यावर ही गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली. सांगताना शेवट ठरलेला असायचा: बघा, गावाकडे कव्हर लागत नाही, माणसं आहेत. त्यानंतरच्या नूतनीकरणात मी तो चौकोन रिकामा सोडला. साडेनऊशे रुपये वाचले आणि वर एक तत्त्वज्ञानही मिळालं.

तत्त्वज्ञान अगदी खोटं नव्हतं. शेतकऱ्यांच्या जगात मदतीचे दोन जुने प्रकार आहेत. सावड म्हणजे तुझी बैलजोडी दोन दिवस मला, माझी दोन दिवस तुला. यात हिशेब असतो, तो कुणी लिहून ठेवत नाही इतकंच. इर्जिक निराळी. एखाद्याचं शेत नांगरायचं मागे पडलं की गावातले लोक आपापली औतं घेऊन जातात, एका दिवसात काम उरकतात, आणि ज्याचं शेत तो सगळ्यांना जेवू घालतो. फेड त्या जेवणातच होते. काकांनी माझ्यासाठी इर्जिक केली असं मी समजून बसलो होतो. त्यांचं वाक्य मात्र सावडीचं होतं. उद्या आमचंबी काम पडन.

शहरातल्या सेवेची सुरुवातही सावडीतूनच झाली आहे. ब्रिटनची ऑटोमोबाइल असोसिएशन 1905 साली निघाली ती गाड्या दुरुस्त करायला नव्हे. वेगाने जाणाऱ्यांना पकडायला पोलीस रस्त्यावर दबा धरून बसत, त्यांची खबर सभासदांना द्यायला. 1910 साली न्यायालयाने अशी खबर देणं गुन्हा ठरवलं, तेव्हा संघटनेच्या गस्तकऱ्यांनी युक्ती काढली. सभासदाच्या गाडीला एरवी सलाम ठोकायचा, आणि पुढे पोलीस असतील तर ठोकायचा नाही. सलाम केला नाही म्हणून कुणाला शिक्षा होत नाही. आपल्याकडे मुंबईत 1919 साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली, तीही सभासदांचीच. एकमेकांसाठी वर्गणी काढणाऱ्या माणसांची ही व्यवस्था हळूहळू विकत घ्यायची वस्तू झाली. ब्रिटनची ती संघटना तर 1999 साली सभासदांनीच मतदान करून एका कंपनीला विकली. मला हा ऱ्हास वाटायचा. माणसं गेली, पॉलिसी नंबर आला.

मग 2024चा पावसाळा आला.

2023च्या खरिपापासून राज्यात शेतकऱ्याला पीक विमा एक रुपयात मिळत होता, उरलेला हप्ता सरकार भरत होतं. शेतात पाणी साचून नुकसान झालं तर ते 72 तासांच्या आत कळवावं लागायचं. एका मंगळवारी माझ्या फोनवर काकांचे दोन मिस्ड कॉल होते आणि व्हॉट्सॲपवर एक आवाजी निरोप. मी मीटिंगमध्ये होतो. रात्री करू म्हटलं. रात्री विसरलो. बुधवारी पुन्हा एक कॉल येऊन गेला, तेव्हा मी जेवत होतो. निरोप ऐकला तो शनिवारी सकाळी, चहा पिताना. पऱ्हाटीत गुडघाभर पाणी आहे, ॲपवर टाकायचं आहे, मुलगा नागपूरला आहे, जमल्यास फोन करा.

मी लगेच फोन लावला. मुदत शुक्रवारीच संपली होती.

"कृषी ऑफिसात नाही का गेलात? टोल-फ्री नंबरही आहे."

"गेलो असतो जी. तुमी करतो म्हनले होते, तं थांबलो."

ते रागावले नाहीत. "जाऊ द्या, झालं ते झालं," म्हणाले आणि बाबांची तब्येत विचारली. कळवलं असतं तर भरपाई मिळालीच असती असं नाही. पंचनामा व्हायचा, निकष लागायचे. पण ते माझं समाधान होऊ शकत नाही. त्यांचं कव्हर मी होतो, आणि ज्या दिवशी लागलं त्या दिवशी ते चालू नव्हतं.

त्या दिवशी मला कॉल सेंटरमधली ती मुलगी आठवली. तिने तिसऱ्या रिंगला फोन उचलला होता. मी तिचा कुणी नव्हतो. तिला माझी आठवण ठेवावी लागली नाही, माझ्याबद्दल प्रेम वाटावं लागलं नाही, तिचा मूड कसा होता याने फरक पडला नाही. साडेनऊशे रुपयांत मी हेच विकत घेतलं होतं. क्रेन साडेतीन तासांवर असो, पण समोरच्याच्या लक्षात राहण्यावर माझी मदत अवलंबून नव्हती. करारात ऊब नसते हे मी मित्रांना रंगवून सांगत होतो. ज्याला उपकारावर विसंबून राहावं लागतं, त्याचं काय होतं हे मी पाहिलं नव्हतं, कारण आजवर मी विसंबणाऱ्याच्या जागी होतो आणि माझं काम झालं होतं.

त्यानंतर 'कोनाचे तुमी?' हा प्रश्नही मला वेगळा ऐकू यायला लागला. माझ्याकडे त्याचं उत्तर तयार होतं. गुरुजीचा. ते उत्तर मी मिळवलेलं नाही, बाबांच्या तीस वर्षांच्या नोकरीने ते माझ्या खिशात टाकलं. आमच्या तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. पोडावरचा एखादा पोरगा त्याच रस्त्यावर मोटारसायकल बंद पडून उभा असता, तर ट्रॅक्टर थांबला असता का? काका भले आहेत, बहुतेक थांबले असते. पण सगळेच काका नसतात, आणि तो प्रश्न विचारताना नुसतं गाव विचारलं जात नाही, जातही विचारली जाते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पॉलिसी नंबर कोरडा असतो हे खरं. पण त्याला बाप नसतो, जात नसते, पोड नसतो.

यंदा तो चौकोन उघडा असताना मी घरी फोन केला. गाडी आता मारेगावला असते. माझी लहान बहीण वणीच्या एका दवाखान्यात नर्स आहे, तीच चालवते. कधी कधी रात्री नऊला एकटी परत येते. तिला मी सगळा हिशेब ऐकवला, बर्नुलीसकट. वर म्हटलं, तसंही कोणी ना कोणी थांबतंच आपल्याकडे.

"दादा," ती म्हणाली, "कोणी थांबलं की तुला मदत आली असं वाटतं. मला आधी काच वर करावी लागते."

मी खूण केली. साडेनऊशे रुपये भरले. हिशेबाने हा सौदा अजूनही तोट्याचाच आहे. पण रात्री नऊला त्या रस्त्यावर तिला कुणालाही 'मी कोणाची' हे सांगावं लागू नये, याची किंमत माझ्या कोष्टकात कुठेच नव्हती. क्रेन उशिरा येईल. तोवर फोनवर कुणीतरी असेल आणि ती कुठे उभी आहे याची कुठेतरी नोंद झालेली असेल.

एवढ्याने माझं काम संपलं असं मात्र नाही. 2025च्या खरिपात एक रुपयाची योजना बंद झाली. आता कापसासारख्या नगदी पिकाला विमा रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्यानेच भरायचा, आणि भरपाई ठरणार ती महसूल मंडळाच्या पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या उत्पन्नावर. त्या जुलैत काकांचा फोन आला. "भराव का जी? मंडळाचं उत्पन्न चांगलं निंगालं अन् माया एकट्याचं बुडलं, तं काहीच नाही भेटत म्हनते."

प्रश्न तोच होता, जो नंतर मी स्वतःला चार दिवस विचारत बसलो. फक्त बर्नुलीच्या रेषेच्या दुसऱ्या बाजूने आलेला. त्यांचा मोसम गेला तर ते चिडणार नाहीत, बुडतील. म्हणून मी भरा म्हटलं. त्यांनी विचारलेली अडचण खरी आहे हेही सांगितलं, आणि या वेळी त्यांच्यासोबत फोनवर बसून अर्ज पूर्ण केला. त्याला पाऊण तास लागला. त्यांचा दीड तास आणि डिझेल अजून बाकीच आहे.

गाडीच्या डिकीत आता एक जाड दोर असतो, बहिणीने वणीच्या बाजारातून आणलेला. आणि काकांचा नंबर माझ्या फोनवर सायलेंट असतानाही वाजतो.