डबीतला बुक्का

आषाढी एकादशी. गुवाहाटीत मुसळधार पाऊस आणि डब्यात पुण्याहून आणलेली शेवटची मूठभर भगर. आबा मोबाइलवर पंढरपूरचं थेट दर्शन बघत बसले होते. मोहोळकडच्या आमच्या गावातून चाळीस वर्षं महिन्याची वारी केलेला माणूस. गेल्या वर्षी आई गेली आणि मी त्यांना इकडे घेऊन आले.

"झालं दर्शन?"

"दिसला विठोबा. दर्शन झालं असं म्हणवत नाही."

"वीस दिवस चालून नुसत्या कळसाला हात जोडून परत फिरणारे वारकरी तुम्हीच मला दाखवलेत. इथे तर चरणसुद्धा दिसताहेत."

"त्यांचे पाय दुखत असतात, पोरी."

"म्हणजे दुखलंच पाहिजे?"

आबांनी मोबाइल पालथा ठेवला. "तसं नव्हे. पण पेरणी कुणाच्या तरी भरवशावर टाकून आलेले असतात ते. मी काय टाकून आलो? चहा?"

"अरणचे सावतोबा कुठे पंढरीला गेले? उलट विठ्ठलाचीच पालखी त्यांच्या भेटीला जाते."

"सावतोबांचा मळ्यातच विठ्ठल होता."

"माझा मळा म्हणजे माझी नोकरी."

"असेल. दर सोमवारी सकाळी तू तिच्याबद्दल काय बोलतेस, ते ऐकतो मी."

बोचलं. मग मी कामाख्येकडे वळले. नीलाचल इथून जवळच, देवळांना इथे काय तोटा? "दर मंगळवारी जाऊ."

"जाऊ की. पण मावशीकडे राहून आलं म्हणून माहेरपण होतं का?"

मला हरायचं नव्हतं. म्हणून नको ते बोलून गेले, "चोखोबा तर देवळाच्या दारात असून लांबच राहिले ना? साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा ते दार उघडलं. चोखोबांची भक्ती कमी पडली का?"

"त्यांना अडवलं होतं," आबांचा आवाज चढला. "तुला-मला कोण अडवतंय? दोन गाड्या बदलायचा कंटाळा. त्यांचं नाव आपल्या सोयीला घेऊ नकोस."

खरं होतं. थोडा वेळ मी नुसतीच भगर ढवळत राहिले.

"आणि २०२० साली?" शेवटी विचारलं. "माउलींच्या पादुका एसटीनं गेल्या. तुम्ही घरीच होतात. ती वारी चुकली?"

"नाही चुकली."

"का?"

"तुझी आई म्हणाली, अंगणातच चालू. रोज पहाटे टाळ घेऊन चकरा. दशमीला गुडघे सुजले तिचे, तरी हसत होती..." पुढचं त्यांना बोलता येईना.

इतका वेळ मी अंतराबद्दल भांडत होते.

आबांनी बुक्क्याची डबी उघडली. कडेकडेनं नखानं खरवडून चिमूटभर काढला.

"किती उरलाय?"

"कार्तिकीपर्यंत जाईल. काटकसरीनं लावला तर."

मी गॅस बारीक केला आणि कपाळ पुढे केलं. "मला जरा जास्तच लावा, आबा."