चाकरीची खूण

अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममध्ये हिफ्ज, म्हणजे कुराण तोंडपाठ, करणारी मुलं त्याच्या अठराव्या पाऱ्यात (भागात) आली, की सूरह नूरची पस्तिसावी आयत त्यांच्या तोंडी बसते. तिच्यात कोनाडा आहे, कोनाड्यात दिवा, दिव्याभोवती काच आणि ती काच ताऱ्यासारखी झळाळणारी. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या या मदरशात सातपुड्याच्या पायथ्याशी जी आयत घोकली जाते, तीच तेराव्या-चौदाव्या शतकात इजिप्त आणि सीरियातल्या कारागिरांनी मशिदींच्या काचेच्या दिव्यांवर लिहिली.

फार कौशल्याचं काम ते. पसरट गळा, गोल पोट आणि साखळ्या अडकवायला कान असलेला दिवा आधी फुंकून घडवायचा. मग रंगीत काचेची पूड चिकट द्रवात कालवून कुंचल्याने अक्षरं काढायची, सोनं चढवायचं आणि दिवा पुन्हा भट्टीत धरायचा. पूड वितळून अंगाला चिकटली पाहिजे, पण दिव्याचा घाट बसता कामा नये. गळ्यावर बहुधा निळ्या अक्षरांत आयत असे. पोटावर मात्र पुष्कळदा जमीन निळी आणि अक्षरं मोकळी. वात पेटली, की ती अक्षरं आतून उजळत. ती असत दिवा देणाऱ्या सुलतानाच्या किंवा अमीराच्या नावाची.

मला त्या नावापेक्षा त्याच्याजवळची खूण जास्त मोलाची वाटते. इजिप्तवर १२५० ते १५१७ राज्य करणारे मामलूक मुळात विकत घेतलेले गुलाम. त्यांच्यातूनच अमीर होत, सुलतानही होत. तुकुझतिमूर हा सुलतान अल-नासिर मुहम्मदाला पेय देणारा चाकर. पुढे तो दमास्कसचा सुभेदार झाला. त्याचा दिवा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर गरुड आहे आणि गरुडाखाली प्याला, त्याच्या चाकरीची खूण. दरबारात मानाचं असलं, तरी पेय देण्याचं ते काम चाकरीचंच. मोठा झाल्यावर ते पुसून टाकायला त्याला कोण अडवणार होतं? त्याने ती खूण भट्टीत भाजून पक्की करून घेतली, तीही अल्लाच्या घरात टांगायच्या दिव्यावर.

आमच्याकडे मात्र अशी खूण लपवली जाते. आमच्या अक्कलकुवा तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर पाड्यावरच्या घराला कुलूप लावून गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यांची मुलं आश्रमशाळांतून शिकतात, गुरुजी होतात, परिचारिका होतात. पण एखादा अर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्याशी त्यांचा हात थबकतो आणि तिथे नुसतं ‘शेती’ लिहिलं जातं. ज्या कोयत्यावर वह्या-पुस्तकं आली, त्याची लाज त्यांना कुणी शिकवली? आपणच ना, ऊसतोडीच्या पोरांकडे पाहायच्या आपल्या नजरेनं. त्या रकान्यात ‘ऊसतोड मजूर’ असं ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं मला वाचायचं आहे.