खेळाडूची किंमत, खेळाडूची जागा

एनबीएमध्ये एखादा ट्रेड जाहीर झाला, की तासाभरात दोन्ही संघांचं प्रगतिपुस्तक तयार असतं. एकाला 'ए', दुसऱ्याला 'डी'. खेळाडूनं नव्या गावात अजून घर शोधलेलं नसतं, पोरांच्या शाळेचं काय करायचं हे ठरलेलं नसतं, आणि कोण जिंकलं याचा निकाल लागूनही गेलेला असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसनं लुका डॉन्चिचला लेकर्सकडे धाडलं आणि बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स ख्रिस्ती आणि २०२९ चं पहिल्या फेरीचं एक पिक घेतलं, तेव्हा तर सगळ्या परीक्षकांचं एकमत झालं. ते एकमत चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. आदल्याच मोसमात संघाला अंतिम फेरीत नेणारा पंचवीस वर्षांचा खेळाडू असा कोणी देतं का? डॅलसच्या चाहत्यांनी स्टेडियमबाहेर शवपेटी आणून ठेवली, आणि महाव्यवस्थापक निको हॅरिसन यांना नोव्हेंबरात घरी पाठवण्यात आलं. पण त्या सगळ्या गदारोळात प्रश्न एकच होता: एवढ्या मोठ्या खेळाडूचे एवढेच? जणू पाच पिक्स पदरात पडली असती तर गोष्ट ठीक होती.

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा एक पक्का सिद्धान्त आहे. खेळाडू ही मत्ता. तिचा भाव वर असताना विका, खाली असताना घ्या, भविष्यातली पिक्स साठवा, आणि बाकीचं संभाव्यतेवर सोडा. या सिद्धान्ताचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून सध्या ओक्लाहोमा सिटी थंडरचं नाव घेतलं जातं. महाव्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी पिक्सचा डोंगर रचला, तरुण पोरं जमवली, आणि २०२५ मध्ये अजिंक्यपद घेतलं. आता सगळ्यांनी तेच करावं. माझं म्हणणं उलट आहे. थंडर हा त्या सिद्धान्ताचा पुरावा नसून त्याचं खंडन आहे.

ज्यांना या बाजाराची सवय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एनबीएत खेळाडूची अदलाबदल करताना त्याची संमती सहसा लागत नाही. पगारांची बेरीज मात्र बरीचशी जुळवावी लागते. पिक म्हणजे नव्या दमाचे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमधली पाळी. पुढच्या कित्येक वर्षांच्या पाळ्या आजच देऊन टाकता येतात. १९८० च्या सुमारास क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी त्या इतक्या उधळल्या, की लागोपाठच्या दोन वर्षांची पहिल्या फेरीची पिक्स देता येणार नाहीत असा नियम लीगला करावा लागला. नियमाला अजून त्यांचंच नाव चिकटलेलं आहे. म्हणजे उधळपट्टीला लगाम आहे. साठेबाजीला मात्र नाही, आणि फिलाडेल्फियाचे महाव्यवस्थापक सॅम हिंकी यांनी २०१३ ते २०१६ मध्ये ती पराकोटीला नेली. रूकी ऑफ द इयर ठरलेला मायकल कार्टर-विल्यम्सदेखील त्यांनी पुढच्याच मोसमात भाव पाहून विकला. २०१५-१६ मध्ये तो संघ ८२ पैकी १० सामने जिंकला. जोएल एम्बीड मिळाला हे खरं, पण त्या सगळ्या हालअपेष्टांतून आजवर कॉन्फरन्सची अंतिम फेरीसुद्धा हाती लागलेली नाही.

मत्तावाले म्हणतात, हिंकींना वेळ दिला नाही. असेल. पण मग थंडरच्या अजिंक्य संघाकडे नीट बघू या. साठवलेल्या पिक्समधून त्यात नेमकं कोण आलं? जेलन विल्यम्स. २०२२ चं बारावं पिक, मूळचं क्लिपर्सचं. चेट होल्मग्रेन आला तो स्वतःच्या पराभवांतून मिळालेल्या दुसऱ्या पाळीवर, आणि पहिला आख्खा मोसम पायाच्या दुखापतीनं बाहेर बसला. लू डॉर्टला ड्राफ्टमध्ये कोणी निवडलंच नव्हतं. आरन विगिन्स पंचावन्नावा. आयझाया हार्टनस्टाइन मोकळ्या बाजारातून करार करून आणलेला. आणि आयझाया जो? त्याला २०२२ च्या ऑक्टोबरात काढून टाकलं होतं. काढणारा संघ फिलाडेल्फिया. बाजारभावानं शून्य असलेली माणसं अंतिम फेरीत मिनिटं खात होती, आणि तो सुप्रसिद्ध डोंगर बराचसा तसाच पडून होता.

इथं प्रतिपक्षाचा हुकमी एक्का पुढे येतो: शे गिल्जस-अलेक्झांडर. जुलै २०१९ मध्ये पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला आणि बदल्यात शे, गॅलिनारी, पहिल्या फेरीची पाच पिक्स आणि दोन पिक्सच्या अदलाबदलीचा हक्क घेतला. शे आणि जेलन विल्यम्स दोघेही याच एका सौद्याची फळं. हा सौदा नसता तर पुढचं काहीच नसतं, हे मान्य करायलाच हवं. मीही करतो. पण तेव्हाची मथळ्यांची भाषा आठवा. सगळी चर्चा पिक्सच्या संख्येची. रूकी मोसमात सामन्याला अकराच्या आत गुण सरासरी असलेला एक शिडशिडीत गार्ड हा त्या यादीतला चांगला, पण एक घटक होता. आज मागे वळून 'क्लिपर्सनी एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) फुकट घालवला' म्हणणं सोपं आहे. कावाय लेनर्ड आणि पॉल जॉर्ज यांच्या शेजारी चेंडू हातात न घेता कोपऱ्यात उभा राहून शे हा शे झाला असता का? मला नाही वाटत. निदान एवढा नाही, आणि एवढ्या लवकर तर नाहीच. तो घडला कारण ओक्लाहोमात आधी एक वर्ष ख्रिस पॉलच्या बाजूला शिकायला मिळालं, आणि मग पॉललाही जाऊ देऊन चेंडू त्याच्या हाती दिला गेला. त्यानंतर २२ विजय, २४ विजय, ४० विजय, ५७, ६८. पहिल्या दोन वर्षांतल्या पराभवांना सगळे टँकिंग, म्हणजे मुद्दाम हरणं, म्हणाले, आणि होतंही ते. पण त्याच पराभवांत एका माणसाला चुका करण्याची जागा मिळत होती.

ही जागाच मला महत्त्वाची वाटते, आणि तिची किमतीशी गल्लत होते. किंमत म्हणजे बाजारात या खेळाडूच्या बदल्यात काय मिळेल. जागा म्हणजे या चार जणांबरोबर, या मैदानावर, तो काय होऊ शकतो. किंमत ट्रेडच्या दिवशी कळते. म्हणून तर प्रगतिपुस्तकं त्याच दिवशी निघतात. जागा त्या दिवशी अर्धीमुर्धीच दिसते. तबलजीची बिदागी किती हे विचारून त्याची संगत या गायकाला मानवेल का, हे कोणी ठरवत नाही. जुन्या, बसलेल्या संघात या भेदानं फारसं बिघडत नाही, कारण तिथल्या जागा ठरलेल्या असतात. एक माणूस काढून त्याच मापाचा दुसरा बसवता येतो. तरुण संघात जागाच अजून ठरायच्या असतात. तिथला ट्रेड माणूस बदलतो, आणि त्याबरोबर मागे राहिलेल्यांच्या जागाही हलवतो. विशीतली पोरं भरली म्हणून संघ या अर्थानं तरुण होत नाही, हेही सांगून ठेवतो. प्रत्येकाला पहिल्या वर्षापासून 'तू तिसऱ्या क्रमांकाचा' असं सांगणारे संघ बाविसाव्या वर्षीच म्हातारे असतात.

हा भेद थंडरला फुकट सुचलेला नाही. २०१२ च्या जूनमध्ये केव्हिन ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन अंतिम फेरीत खेळले, आणि ऑक्टोबरात हार्डनला ह्यूस्टनला देऊन टाकलं. नव्या करारावर काही दशलक्ष डॉलरचं अंतर मिटेना. हिशेबानं पाहिलं तर सौदा अगदीच वाईट नव्हता: केव्हिन मार्टिन, जेरेमी लॅम्ब, आणि पिक्स, ज्यांतल्या एकातून स्टीव्हन अॅडम्स आला. युक्तिवादही बिनतोड वाटत होता: बेंचवरून उठणाऱ्या माणसाला ताऱ्याचा पगार कशाला? पण बेंच ही हार्डनची त्या दिवशीची जागा होती. सहाच महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये, प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत वेस्टब्रुकचा गुडघा गेला आणि त्याची जागा रिकामी झाली. ती मालिका कोणाविरुद्ध होती? ह्यूस्टनविरुद्ध. ज्यानं ती जागा भरली असती तो समोरच्या कपड्यांत उभा होता. पुढे तिघांनाही एकेकदा एमव्हीपी मिळालं, पण तिघं एकत्र असताना नाही.

इथं कोणी म्हणेल, की मग ट्रेड करूच नयेत, पोरं जपावीत. नाही. २०२४ च्या जूनमध्ये थंडरनं जॉश गिडी शिकागोला दिला आणि अॅलेक्स करूसो आणला. एकही पिक इकडून तिकडे गेलं नाही. गिडी एकवीस वर्षांचा, सहावं पिक. करूसो तिशीचा, आणि मुळात ड्राफ्टमध्ये न निवडला गेलेला. शिकागोनं निदान एक पिक तरी मागून घ्यायला हवं होतं, म्हणून परीक्षकांनी त्यांना झोडपलं. किमतीचाच काटा, फक्त उलटा धरलेला. खरी गोष्ट अशी होती, की त्या उन्हाळ्यात डॅलसविरुद्ध गिडीला तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळं सोडून त्याचा रक्षक दुसऱ्यांच्या अंगावर जात होता. चेंडू शे आणि विल्यम्सच्या हाती असलेल्या संघात गिडीला जागा उरली नव्हती. त्याच्यात खोट होती म्हणून नव्हे. शिकागोत चेंडू मिळाल्यावर तो बहरला आणि त्याला चार वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार मिळाला. इकडे १८ मे २०२५ रोजी, डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात, साडेसहा फूटही उंची नसलेला करूसो सात फुटांच्या आसपासच्या निकोला योकिचला पुढून-मागून भिडत राहिला आणि थंडरनं सामना १२५-९३ असा खिशात घातला. कोण जिंकलं हा ट्रेड? प्रश्नच ओशाळतो.

उलट बाजूही बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच प्रेस्टींनी गॉर्डन हेवर्ड आणला. त्यासाठी दिलं ते किरकोळ, म्हणून प्रगतिपुस्तकात गुण बरे पडले. पण या संघात त्याला जागाच नव्हती. प्लेऑफमध्ये तो जेमतेम मैदानावर उतरला, आणि उन्हाळ्यात त्यानं खेळच सोडला. स्वस्तात मिळालेला सौदाही फसू शकतो हे मत्तावाल्यांच्या गणितात बसत नाही, कारण त्या गणितात गमावण्यासारखं काही नव्हतं. गमावली ती मिनिटं. ती तरुण पोरांपैकी कोणाला तरी मिळाली असती.

आपल्याकडेही ही भाषा आयपीएलच्या ट्रेडबरोबर आलीच आहे. हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईत परतला तेव्हा व्यवहार म्हणून त्याची वाहवा झाली. रोहितकडून काढलेली कप्तानी ही त्याची जागा होऊ शकते का, हे वानखेडेवरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवून विचारलं. मुंबई तळाला राहिली.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. सगळं नशीब आहे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात हशील नाही. नशीब तीसही संघांना असतं. आणि खेळाडूनं जन्मभर एकनिष्ठ राहावं म्हणणाऱ्या भाबड्यांनी २००८ साल आठवावं: तेव्हा सिएटलचा आख्खा संघच उचलून ओक्लाहोमाला नेला होता.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे: जागा मोजता येत नाही, मग व्यवस्थापकानं काय, अंतःप्रेरणेवर चालायचं? मोजता येत नाही हे अर्धसत्य आहे. कोण कोणाबरोबर मैदानावर असताना काय होतं याचे आकडे ढिगानं आहेत. पण ते कालच्या जागेचे आकडे असतात. उद्याची जागा कोणीतरी आज राखून ठेवावी लागते, आणि राखून ठेवलेल्या गोष्टीला बाजारात भाव नसतो.

आणि परीक्षा तर आता आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात शेनं चार वर्षांचा साडेअठ्ठावीस कोटी डॉलरचा करार केला. विल्यम्स आणि होल्मग्रेन यांचे पाच-पाच वर्षांचे करार जास्तीत जास्त अनुक्रमे २८.७ आणि २५ कोटींपर्यंत जाऊ शकतात. २०२३ च्या कामगार करारानं खर्चाच्या दुसऱ्या मर्यादेपुढे जाणाऱ्या संघांचे हात असे बांधले आहेत, की अजिंक्यपदानंतर वर्षभरातच बॉस्टनला ज्रू हॉलिडे आणि पोर्झिंगिस सोडावे लागले. आयतं गणित सांगेल, २०२६-२७ चा पर्याय संघाच्याच हातात असलेले डॉर्ट आणि हार्टनस्टाइन विकायला काढा. त्यांचा भाव याहून वर जाणार नाही. डॉर्टच्या बाबतीत ते बरोबरही ठरेल कदाचित. पण २०२४-२५ च्या बचावपटूंच्या पहिल्या संघात निवडला गेलेला हा माणूस समोरच्या सर्वोत्तम गार्डला अंगावर घेतो, म्हणून शेला चौथ्या क्वार्टरसाठी पाय शाबूत ठेवता येतात आणि तरुण केसन वॉलेसला एकेक पायरी चढायला अवधी मिळतो. डॉर्ट गेलाच, तर बदल्यात किती पिक्स आली ते मी दुसऱ्या दिवशी वाचीन. आधी हे बघीन, की पहिल्या मिनिटाला त्या गार्डच्या अंगावर कोण जातो, आणि तो वॉलेस असेल तर बेंचवरून वॉलेसच्या ठिकाणी कोण उठतो.