नाव विचारलं नव्हतं

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शेच्या धडकेने दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, तेव्हा मीही पेटून उठलो. त्याचा म्हणून फिरणारा फोटो दहा जणांना पाठवला. अल्पवयीनाची ओळख उघड करायची नाही, हा कायदा मला ठाऊक होता. तरी पाठवला. न्यायाची चाड होती ती, की नुसता राग?

जामिनानंतरही त्याला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं होतं. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं, त्याला आत्याच्या ताब्यात दिलं. मी चरफडलो. आणि का कोण जाणे, एक मनगट आठवलं.

आमच्या सोसायटीतल्या पितळी तोट्या चोरणारा मुलगा मीच पकडला होता. तेरा-चौदाचा असेल. मनगट एवढं बारीक, की माझी बोटं वळसा घालून अंगठ्यावर चढली. खिशात एकच तोटी, आट्यांवरचा ताग तसाच ओला. 'काका, आईला नका सांगू,' एवढंच म्हणत होता. मी त्याच्या कानाखाली वाजवली, चौकीवर नेलं, सही केली आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून निघालो. पोराला रात्रभर कोठडीत ठेवलं होतं, हे दुसऱ्या दिवशी वॉचमनकडून कळलं. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मी ऐकलं आणि चहा प्यायलो.

पोर्शेच्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, त्याचा संताप आजही आहे. पण तो आरोप मोठ्या माणसांवर. मी मागत होतो ते त्या मुलाला प्रौढ धरून खटला चालवणं. जुलै २०२५ मध्ये मंडळाने ती मागणी फेटाळली, तेव्हा गप्प बसलो. पटलं होतं का? अर्धंच. गेलेल्यांच्या आईवडिलांसमोर हे अर्धंसुद्धा मला बोलता येईल का?

जे संरक्षण एकाकडून काढून घ्या म्हणून मी ओरडत होतो, ते दुसऱ्याला मिळालंच नव्हतं, आणि न मिळण्यात माझा हात होता. त्याच्यासाठी वकील कोण देणार होतं? परिविक्षा अधिकारी त्याच्या घरी गेला असेल का? आईला कुणी कळवलं?

चौकीवर जाऊन चौकशी करावी, असं दोनदा मनात आलं. एकदा कोपऱ्यापर्यंत गेलोही. पण विचारणार कुणाबद्दल? मी त्याचं नावच विचारलं नव्हतं.