अंगठ्याचा दोष

नोव्हेंबर लागला की छावणीतल्या ऑनलाइन सेवा केंद्रांत पेन्शनरांची गर्दी होते. हयातीचा दाखला दिल्याशिवाय पुढची पेन्शन नाही, आणि २०१४ साली 'जीवन प्रमाण' सुरू झाल्यापासून हा दाखला थंब मशीनवर अंगठा ठेवून काढता येतो. अशाच एका केंद्रातल्या पोरानं दिवाळीला नवा कॉम्प्युटर घेतला. थंब मशीन मात्र जुनंच ठेवलं.

तेव्हापासून मशीन अडायला लागलं. अंगठा ठेवला की दिवा लागायचा, 'टुंग' वाजायचं आणि दिवा विझायचा. गुरुवारी सकाळी बाजाराची पिशवी घेऊन एक आजी आल्या. "आजी, तुमच्या रेषाच गेल्यात, भांडी घासून अंगठा गुळगुळीत झालाय," असं सांगून त्यानं त्यांना परत पाठवलं. कष्टाच्या हातांच्या रेषा झिजतात, हे खरंच आहे. म्हणूनच असलं कारण चटकन पटतं आणि पुढं कुणी तपासत नाही. आजी आपलाच हात बघत गेल्या.

दुपारी ईएमईतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक काका आले. त्यांची सगळी नोकरी सैन्याची यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनाही तेच उत्तर मिळालं.

"बाळा, रेषा दिसल्या नाहीत तर मशीन 'पुन्हा ठेवा' म्हणेल. विझेल कशाला? याचं कनेक्शनच तुटतंय."

"मग मशीन गेलं. नवं मागवतो, विंडोजही परत टाकतो."

"एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास, तर कशानं सुधारलं ते कळणार कसं?"

जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात पडून होता. मशीन त्याला लावलं, आणि काकांचा अंगठा पहिल्याच खेपेला उमटला. म्हणजे अंगठा चांगला, मशीन चांगलं, वायरही चांगली. नव्यावर ड्रायव्हर पुन्हा टाकला, फरक नाही. वीज वाचवायला पोर्ट बंद करणारी सेटिंग काढली, तरी तेच. राहिले पोर्ट, आणि ते सगळे निळे.

काकांनी मोबाईलच्या उजेडात एक पोर्ट दाखवला. जुन्या पद्धतीच्या चार पट्ट्या, शिवाय आणखी पाच. जुनी पिन फक्त त्या चारांवरच चालते. यूएसबी २.० आलं २००० साली, वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, ३.० आलं २००८ साली, ५ गिगाबिटचं. नव्यानं जुन्याला सांभाळून घ्यायचं असंच ठरलेलं आहे, आणि बहुतेकदा घेतलंही जातं. पण निळ्या पोर्टामागचा कंट्रोलर वेगळा असतो, एखाद्या जुन्या मशीनचं त्याच्याशी जमत नाही. अशा वेळी दोघांनाही मोडीत काढायची घाई करू नये.

"जुना हब आहे का रे?"

ड्रॉवरमध्ये २.० चा हब सापडला. निळ्या पोर्टात हब, हबात मशीन. आता कॉम्प्युटरचा व्यवहार हबाशी आणि मशीनचा हबाशी. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

काकांचा दाखला निघाला. पण ते उठले नाहीत.

"असं सांगून आज आणखी कुणाला परत पाठवलंस?"

पोरानं रजिस्टर उघडलं, नंबर शोधला, फोन लावला. "आजी, तुमचा अंगठा चांगला आहे. माझ्याच जोडणीत घोळ होता. तुम्ही परत हेलपाटा घालू नका, संध्याकाळी लॅपटॉप आणि मशीन घेऊन मीच घरी येतो."

"हबही घे बरोबर," काका म्हणाले.