अंगांत सांपडलेला दोष

कुस्तीचा फड कसा असतो हें आमच्या पिंगळीकडील लोकांस सांगावयास नको. पाठ मातीला लागली कीं नाहीं, हें शेंकडों डोळे पाहतात. परंतु ज्या दोषास साक्षीदारच नसतो, त्याचा न्याय कसा करावा?

नरसिंग यादव ह्या मल्लानें 2011, 2012 व 2013 अशीं तीन वर्षें ओळीनें महाराष्ट्र केसरीचा मान मिळविला. 2016 सालीं रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या तपासणींत मेथँडायनोन हें बंदी असलेलें शक्तिवर्धक औषध सांपडलें. कोणीं तरी आपल्या अन्नपाण्यांत तें कालविलें, असें तो म्हणाला. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या मंडळानें 1 ऑगस्ट रोजीं त्याचें म्हणणें मान्य करून त्यास मोकळें केलें. त्यावर जागतिक संस्थेनें क्रीडा लवादाकडे अपील केलें. 18 ऑगस्ट रोजीं, कुस्तीच्या आदल्या दिवशीं, लवादानें चार वर्षांची बंदी फर्माविली. कट झाल्याचा खरा पुरावा आला नाहीं. शिवाय सांपडलेलें प्रमाण पाण्यांत मिसळलेल्या भुकटीचें नसून गिळलेल्या गोळ्यांचें दिसतें, असें तज्ज्ञांचें मत पडलें.

एरवीं आरोप करणारानें तो शाबीत करावयाचा असतो. येथें द्रव्य अंगांत सांपडलें कीं सगळा भार मल्लावर. नियम कठोर खरा. पण आम्ही त्यास अन्याय म्हणणार नाहीं. गोळी गिळतांना कोण पाहतो? ‘मला ठाऊक नव्हतें’ हें कोणीही म्हणूं शकतो, आणि तेवढ्यावर सोडून दिलें तर जो दूधभाकरीवर अंग कमावतो त्याचा हक्क बुडतो. आपल्या माणसास सोडणें गोड वाटतें. त्याच्यापुढें हरणारा परक्याचा मुलगा आपल्या दृष्टीस पडत नाहीं.

मात्र एक गोष्ट आमच्या मनांत सलते. खेड्यांतील पंधरा-सोळा वर्षांचा पोर वस्तादानें दिलेली पूड ‘ताकदीची’ म्हणून मुकाट्यानें घेतो; गुरूस विचारणें हाच त्यास उद्धटपणा वाटतो. मग सांपडतो तो पोर, आणि वस्ताद दुसऱ्या पोरास शिकवूं लागतो! वास्तविक जागतिक नियमांप्रमाणें औषध देणारा व साह्य करणारा हेही दोषी आहेत. भारतांतही 2022 सालीं ह्याविषयीं कायदा झाला. तेव्हां चौकशी करणारांनीं नमुन्याची बाटली तपासून थांबूं नये. पूड कोणत्या दुकानांतून व कोणाच्या हातून आली हें शोधावें. आईबापांनींही मुलास तालमींत घालतांना तो डबा पाहावयास मागावा. वस्ताद रागावला तर रागावूं द्यावा.