आपण जिंकलो होतो



गेल्या महिन्यात एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपली काही ज्येष्ठ मंडळी चहा घेत उभी होती. विषय नेहमीचाच, त्यांच्या तरुणपणीची कॉलेजची बास्केटबॉल टीम. लहानसे कॉलेज, मातीचे मैदान, लाकडी बोर्ड, आणि रिंगला जाळी असली तर असली. तरीही एका वर्षी या पोरांनी मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजला हरवले. शेवटचा बास्केट कोणी टाकला, कोणत्या कोपऱ्यातून टाकला, हे सगळे आजही तोंडपाठ आहे. "आपण जिंकलो होतो, फादर!" असे म्हणताना त्यांचे चेहरे विशीतले होतात.

त्यांतल्या एकांच्या नातवाने विचारले, "आजोबा, तुमचा शर्ट कितव्या नंबरचा होता?"

"अरे, मी कुठला खेळतोय! मी कडेला उभा राहून ओरडत होतो."

"मग 'आपण' कसे काय जिंकलो?"

सगळे हसले, मीही हसलो. पण मुलाचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. दुसऱ्याने गाळलेल्या घामाला 'आपला' म्हणण्याचा हक्क आपल्याला कुठून मिळतो?

कोणी म्हणेल, म्हातारपणीचा विरंगुळा आहे, त्यात काय एवढे? तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल याने लिहिले आहे की तरुण माणसे आशेवर जगतात आणि म्हातारी आठवणींवर, कारण त्यांच्यापुढे थोडे उरलेले असते आणि मागे पुष्कळ असते. पवित्र शास्त्रातला उपदेशकही बजावतो की पूर्वीचे दिवस आजच्यापेक्षा बरे का होते, असे विचारणे शहाणपणाचे नाही. पण याच अॅरिस्टॉटलने आपला नातेवाईक कॅलिस्थेनिस याच्यासोबत डेल्फी येथील पायथियन खेळांतल्या विजेत्यांची यादी तयार केली होती, आणि त्या कामाबद्दल डेल्फीकरांनी शिलालेख कोरून दोघांचा गौरव केला होता. एवढ्या मोठ्या विचारवंताला खेळाडूंची नावे जपून ठेवावीशी वाटली. म्हणजे आठवण ठेवण्यात दोष नाही. आठवण ठेवून आपण पुढे काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

इथे मला खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वर गावचा हा पैलवान कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. 1952 मध्ये हेलसिंकीला जायचे ठरले, पण पैसे नव्हते. गावकऱ्यांनी आणि ओळखीच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी दिली. कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर 1996 मध्ये लिअँडर पेसने टेनिसमध्ये पदक मिळवेपर्यंत, म्हणजे 44 वर्षे, दुसरे वैयक्तिक पदक देशाला मिळाले नाही.

खर्डेकर सर आखाड्यात उतरले नव्हते. तरी 'आपण जिंकलो' असे ते म्हणाले असते तर त्यांना कोणी अडवले असते का? पदक हुकले असते तर घर जाण्याची वेळ त्यांच्यावर आली असती. जो हरण्याचा भार उचलायला तयार असतो, त्याच्या तोंडी 'आपण' हा शब्द शोभतो. आणि खाशाबांनीही ही जाण ठेवली. परतल्यावर कुस्त्या लढून त्यांनी पैसे जमवले आणि सरांचे ऋण फेडले.

आता गोष्टीचा दुसरा भाग. खाशाबा परत आले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. ढोल, लेझीम, गुलाल, सगळे काही झाले. पुढे 1955 मध्ये ते पोलिसांत फौजदार म्हणून लागले. हळूहळू लोकांना त्यांचा विसर पडला. 1984 मध्ये रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. मिरवणुकीत 'आपण' म्हणणारे हजारो होते. ते सगळे वाईट होते असे मी म्हणणार नाही. विजय त्यांना आठवत होता, माणूस तेवढा नजरेआड झाला.

हे सगळे मनात असल्यामुळे पुढच्या रविवारी मी आपल्या मंडळींना विचारले, "तो शेवटचा बास्केट टाकणारा आता कुठे असतो?"

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक जण म्हणाले, "इथेच, पीर बाजारच्या मागे. शुगरने पाय गेला त्याचा. बाहेर पडत नाही आता."

"शेवटचे कधी भेटलात?"

कोणालाच सांगता आले नाही. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. ते गृहस्थ आपल्या धर्मग्रामातले नाहीत, म्हणून माझ्या आजाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव कधी आले नाही. मी मात्र त्या गल्लीतून कितीदा तरी स्कूटरवरून गेलो आहे.

त्या बुधवारी आम्ही चौघे गेलो. पुढचे मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. मंडळींनी उत्साहाने त्या सामन्याची गोष्ट काढली. त्यांनी ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाले, "मला ती मॅच एवढी आठवत नाही. मला पुढच्या वर्षीची आठवते. पहिल्याच फेरीत हरलो. मैदानातून बाहेर आलो तर कडेला कोणीच नव्हते."

खोलीत कोणी काही बोलले नाही. मग नातवाने प्रश्न विचारला होता ते आजोबा उठले आणि त्यांच्या पलंगावर जाऊन बसले. कोणाला माफी मागायचे सुचले नाही, पण कोणी लवकर निघायचेही नाव काढले नाही. चहा दोनदा झाला. आता दर बुधवारी कोणी ना कोणी तिथे जातो. पाय परत येणार नाही आणि ते रिकामे मैदानही आता भरता येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने आपल्या स्मरणार्थ काहीतरी करायला सांगितले, नुसते आठवत बसायला सांगितले नाही. दर रविवारी आपण ते करतो. मग घरी जाताना हाच नियम आपल्या इतर आठवणींनाही लावून पाहावा.

प्रत्येकाच्या आयुष्यात असा कोणीतरी असतो, ज्याच्या यशाच्या दिवशी आपण 'आपण' म्हटले होते. शाळेतले मास्तर असतील, गल्लीतला खेळाडू असेल, शिकून मोठा झालेला भाऊ असेल. या आठवड्यात त्यांची गोष्ट सांगण्याआधी त्यांचे दार एकदा वाजवा. ते आज जिंकत असोत वा हरत असोत, तुम्ही कडेला उभे आहात एवढे त्यांना दिसू द्या.

आपला,
धर्मगुरू